पटात उतरलेल्या दोन मोटारी

सानगडीच्या शंकरपटात मी एक फियाट बोडीत घातली.

बोडी म्हणजे आमच्याकडे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहानसं तळं. फियाट माझी नव्हती. ज्यांच्यासाठी मी ती पळवत होतो त्यांचीही नव्हती. घ्यावी की न घ्यावी हे पाहायला म्हणून आणलेली होती. ते गृहस्थ माझ्या शेजारीच बसले होते, आणि पाणी दारातून आत आलं तरी डावा हात बाहेर काढून दारावर थापा मारत "हान, मास्तर, हान!" असं ओरडत होते.

या गृहस्थांचं नाव दसारामजी. धंदा धानाच्या व्यापाराचा आणि शौक पटाचा. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, संक्रांतीनंतर धान कापलेल्या बांध्या सपाट करून भरतो. हलक्या छकड्याला जुंपलेल्या दोन जोड्या शेजारशेजारच्या वाटांवरून सुटतात आणि डोळा लवायच्या आत संपतात. त्या लवलेल्या डोळ्यासाठी दसारामजी वर्षभर जगायचे. बाकीच्या दिवसांत ते जगाकडे पाहायचे तेही बैलबाजारात उभं राहून पाहावं तसंच.

सत्तरच्या दशकात मी सानगडीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी प्रथम त्यांच्या अंगणात उभा राहिलो. माझं नाव, गाव, शिक्षण यांतलं त्यांनी काहीही विचारलं नाही. खाटेवरून उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "चालून दाखवा."

"कुठं?"

"हेच, बैलांच्या कोठ्यापासून विहिरीपर्यंत."

मी भंडाऱ्यात वाढलेला. नोकरीची मुलाखत दिलेला. तरीही चाललो. विहिरीपाशी वळलो आणि परत आलो. ते माझ्या घोट्यांकडे पाहत होते.

"पाय घासत नाई," ते म्हणाले. "खोली घ्या."

आतून त्यांच्या पत्नी पार्बताबाईंचा आवाज आला, "अजी, मास्तर हाये का गोऱ्हा हाये तो? दात काहून नाई पाह्यले मंग?"

"पाह्यले," दसारामजी शांतपणे म्हणाले. "बोलला तवा दिसले."

त्यांच्या खांद्यावर कायम एक लाल शेला असायचा. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघं हातात हात घेतात, वर कापड टाकतात आणि आत बोटं दाबून किंमत ठरते. भोवतीच्यांना फक्त कापड हललेलं दिसतं. दसारामजींना या पद्धतीची इतकी सवय जडलेली की कुणाशी कसलाही व्यवहार असला तरी त्यांचा शेला आपोआप खांद्यावरून उतरायचा. साकोलीच्या एसटीत कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले की हे त्याचा हात धरून वर शेला टाकत. नवीन कंडक्टर दचकून हात ओढून घ्यायचा. जुना असला तर निमूट उभा राहायचा आणि मग म्हणायचा, "दसारामजी, सरकारी भाव हाये, बोटं दाबून कमी नाई होत." एकदा नातवाचे गणिताचे गुण विचारायला ते माझ्या खोलीत आले आणि त्यांनी माझाही हात शेल्याखाली घेतला. मी आत खरे गुण दाबले. त्यांनी आणखी दोन बोटं दाबली. मी मान हलवली. ते एका बोटावर आले. तेवढ्यावरही सौदा पटला नाही म्हणून ते आठवडाभर माझ्याशी घासाघीस फसलेल्या गिऱ्हाइकासारखे वागले.

माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशांचा आणि निम्म्या वेळा साफ चुकणारा. पण चुकलो असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. पटात त्यांची जोडी हरली तर वारा उलटा असायचा, वाट ओली असायची, नाहीतर समोरच्या जोडीनं आधी डोळा मारलेला असायचा. सानगडीतली जाणती माणसं सांगत की दसारामजी आजवर एकही पट हरलेले नाहीत आणि मोजकेच जिंकलेले आहेत.

या घरात एकच गोष्ट अशी होती जी बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. ती म्हणजे पार्बताबाईंचे गुडघे.

पार्बताबाई अंगानं भरलेल्या, हातानं सढळ. त्यांच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्ल्यावर मी सानगडीतून बदली मागायचा अर्ज फाडून टाकला होता. पण गुडघे आखडलेले. एसटीची पायरी चढता येत नसे, बैलगाडीचे धक्के सोसत नसत. त्यांची धाकटी बहीण तिकडे तुमसरच्या पलीकडे सिहोऱ्याला दिलेली. तिच्या घरची बारशी, लग्नं एकामागून एक झाली आणि बाई इथं ओट्यावर बसून अंदाजानं अक्षता टाकत राहिल्या. दर वेळी दसारामजी म्हणायचे, "पुढच्या साली मोटारीनं नेतो." त्या साली बहिणीच्या शेवटच्या मुलीचं लग्न ठरलं. पार्बताबाईंनी ओट्यावरूनच जाहीर केलं, "हे तिच्या घरचं शेवटचं लगन हाये. मोटार आली तं मोटारीनं जाईन, नाई तं सरपटत जाईन. पन जाईन."

दसारामजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "मास्तर, तुमाले मोटारीतलं समजते ना?"

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. नागपुरात माझ्या मेव्हण्याकडे मोटार होती आणि मी ती बरेचदा धुतली होती. दोनदा मैदानात चालवलीही होती. एवढ्या भांडवलावर मी म्हणालो, "समजतं म्हणजे काय! आपलं बालपण त्यातच गेलं."

दोन जुन्या मोटारी विकाऊ असल्याचं कळलं. एक काळी अँबॅसेडर, भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. दुसरी दुधी रंगाची फियाट, तुमसरच्या एका जंगल ठेकेदाराची. दोन्ही एकाच सकाळी अंगणात येऊन चिंचेखाली उभ्या राहिल्या. अँबॅसेडर सुखदेव घेऊन आला. तो दसारामजींचा ट्रक चालवायचा, आणि बोलणं त्याला डिझेलइतकंच महाग वाटायचं. फियाट खुद्द ठेकेदारानं आणली.

दसारामजींनी आधी दोघींना फेऱ्या मारल्या. मग अँबॅसेडरसमोर उकिडवे बसून तिची पुढची जाळी निरखली. "दात झिजले हायेत." मग टायर दाबले. "खूर बरे हायेत." मागे जाऊन डिक्कीवर थाप मारली. ती दणकन वाजली, पण गाडी जागची हलली नाही. "थंड हाये," ते नाराजीनं म्हणाले. फियाटच्या बॉनेटवर उजवीकडे एक पोचा होता. त्यावरून त्यांनी किती तरी वेळ बोट फिरवलं. बैलाच्या अंगावरचे केसांचे भोवरे शुभ-अशुभ असतात. हा भोवरा शुभ जागी आहे असा त्यांनी निर्णय दिला. मग फियाटच्या मागच्या अंगाला थाप मारली. ती स्प्रिंगांवर थरथरली.

"पाह्यलं? हात लागला का कातडी हलवते! पटाची हाये हे."

आणि मी, ज्याला विकणाऱ्यासमोर तोंड मिटून राहायला दहादा बजावलं होतं, तो ठेकेदाराच्या देखत मोठ्यानं म्हणालो, "वा! काय पिकअप असेल हिचा! आणि तेल तर जवळजवळ लागतच नाही."

ठेकेदाराच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. दसारामजींनी माझ्याकडे पाहिलं ते दूध न देणाऱ्या गाईकडे पाहावं तसं. पण फियाट त्यांच्याही मनात भरली होतीच.

तेवढ्यात पार्बताबाई काठी टेकत आल्या. "मले बसून पाहू द्या."

फियाटचं दार उघडलं. त्यांनी आधी पाठ फिरवून पाहिलं, मग कुशीवर होऊन, मग एक पाय आत घालून. बैठक खाली, दार अरुंद. अर्ध्या बाई आत गेल्या आणि गुडघा दाराशी अडला. तसाच ओढून बाहेर काढावा लागला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण ओरडल्या नाहीत.

"सवय होते," दसारामजी म्हणाले.

"गुडघ्याले का मोटारीले?"

त्या अँबॅसेडरकडे वळल्या. तिची मागची बैठक खाटेएवढी उंच. त्या पाठमोऱ्या होऊन सरळ टेकल्या, आत सरकल्या, आणि दोन्ही पाय बैठकीवर लांब सोडून बसल्या. एवढंच नव्हे, त्यांनी पदर घेतला आणि डोळे मिटले.

सुखदेव म्हणाला, "मावतेत." हे त्याचं त्या दिवसाचं पूर्ण भाषण.

यावर कुणीही शहाणा माणूस अँबॅसेडर घेऊन मोकळा झाला असता. पण दसारामजींच्या डोळ्यांपुढून थरथरणारी फियाट हलेना, आणि मी त्यांच्या कानाशी लागलो होतो. अँबॅसेडर जड, स्टिअरिंग फिरवायला दोन माणसं लागतील, चढावर धापा टाकेल. सिहोरा काय जवळ आहे? वेग पाहिजे! मागं कुणी बसायचं हा प्रश्न मला सुचलाच नाही, कारण मी मनातल्या मनात पुढं बसलो होतो.

चार दिवसांनी पट भरला. निर्णय होईपर्यंत दोन्ही मोटारी आमच्याकडेच होत्या, त्याही पटावर आल्या. साऱ्या पंचक्रोशीची माणसं जमलेली. कुणीतरी छेडलं, "काय दसारामजी, मोटार घेऊन राह्यले म्हंते! कोनती?" आणि ते ताडकन उभे राहून बोलून गेले, "दोनीही पटात सोडतो. जे पुढं निंगन, ते माह्या घरी येईन!"

पटात चारचौघांसमोर दिलेला शब्द मागे घेता येत नाही. तो मागे घेणाऱ्याची जोडी दुसऱ्या वर्षी कुणी वाटेवर उभी राहू देत नाही. पार्बताबाई पट पाहायला म्हणून अँबॅसेडरमध्ये बसूनच आल्या होत्या, शेजारणींना घेऊन आणि वड्यांची टोपली मांडीवर ठेवून. नवऱ्याचा शब्द त्यांनी खिडकीतून ऐकला. लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं.

"बाई, उतरा. शर्यत हाये," दसारामजी म्हणाले.

"मी नाई उतरत. एकदा चढली तं चढली. सुखदेव, चाल."

अशा रीतीनं एका वाटेवर सुखदेव, पार्बताबाई, शेजारणी आणि वडे. दुसऱ्या वाटेवर मी आणि माझ्या शेजारी दसारामजी. हातात त्यांनी सवयीनं आसूड घेतला होता.

सुटायच्या इशाऱ्याचा फेटा पडला आणि मी क्लच सोडला. खरं सांगतो, फियाट सुटली ती बाणासारखी. अँबॅसेडर मागं म्हशीसारखी डुलत निघाली होती, तिच्यातून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. दसारामजी अर्धे बाहेर वाकून दारावर थापा मारत होते, "हान! अरे हान!" मी हाणली. शेवटच्या खुणेच्या दोऱ्या ओलांडल्या तेव्हा आम्ही चांगले दोन गाड्यांच्या लांबीनं पुढे होतो. माझ्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण होता, आणि तो नेमका ब्रेकवर पाय ठेवायच्या आधीचा होता.

पटाच्या शेवटी बैल थांबवायला माणसांची भिंत उभी असते. ती माणसं आरडाओरडा करतात, फेटे हलवतात, बैल बिचकून थांबतात. बैल थांबतात तशीच मोटारही थांबेल या विश्वासानं त्या दिवशीही ती भिंत उभी होती. मी त्यांना पाहून बिचकलो. दसारामजींनी "कासरा ओढ!" म्हणत स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढलं. मी सापडेल तो पाय सापडेल त्यावर दाबला. भिंत फाकली, बांध आला, बांध गेला, आणि आम्ही बोडीत.

बोडीत काही ढिवर मंडळी मासोळीसाठी जाळं लावून उभी होती. त्यांच्यातला एक म्हातारा कमरेइतक्या पाण्यातून आमच्यापर्यंत आला, काचेतून आत वाकला आणि म्हणाला, "दसारामजी, निंगा आता. इथून पुढं तं निस्ते शिंगाडे हायेत."

आम्हाला बाहेर काढलं तेव्हा अँबॅसेडर दोऱ्यांपलीकडे व्यवस्थित उभी होती. पार्बताबाई पाय लांब करून बसलेल्याच होत्या. टोपलीतला एक वडाही सांडला नव्हता.

लोक ओरडत होते, "फियाट जितली! दसारामजीची फियाट जितली!" कुणी गुलालही उधळला. तो माझ्या ओल्या सदऱ्यावर बसला. ठेकेदार पुढं आला. फियाट पुढं निघाली, शब्द झाला आहे, मोटार घ्या, असं तो भर पटात म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

दसारामजी मिशांतून पाणी गाळत उभे होते. त्यांनी फियाटकडे पाहिलं. तिच्या काचा आणि छप्पर तेवढं दिसत होतं. मग अँबॅसेडरकडे पाहिलं. खिडकीतून पार्बताबाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

मग त्या माणसानं जे केलं ते सानगडीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पंचांना गोळा केलं आणि स्वतःविरुद्ध फिर्याद मांडली.

"पंचहो, फियाट बाद करा."

"अजी, ते तं पुढं निंगली!"

"पुढं निंगली, पन थांबली कुठी? बोडीत! बोडी पटात येते का? मागं माह्या गोऱ्ह्यांची जोडी वाट सोडून लाखोरीत गेली होती, तवा तुमी बाद केली का नाई? मीच भांडलो होतो तुमच्यासंग! तवा तुमी बरोबर होते. मी चुकलो होतो." शेवटचं वाक्य ते इतक्या जोरात बोलले की मागं उभे असलेले बैल दचकले. "धुरकऱ्याच्या हातात जोडी राह्यली पाह्यजे. इथं धुरकरी कोन होता? हा मास्तर! अन त्याच्या बाजूले मी! दोघांतल्या एकाच्याही हातात काई नव्हतं. मी हरलो. लिहून घ्या, बोंब मारा, डफ वाजवा. दसाराम हरला!"

मग कुणीतरी खरंच डफ वाजवला, आणि हरलेल्या माणसाची असली मिरवणूक मी पुन्हा कधी पाहिली नाही. पार्बताबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि नवऱ्याला एक वडा दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला.

ठेकेदाराचं काय? "बुडवली त्यानं न्यावी," असा पंचांचा निकाल आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दसारामजींनी ठेकेदाराचा हात धरला, ओला शेला वर टाकला, आणि माझ्या वतीनं बोटं दाबायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मी कापडाच्या बाहेरून पाहिला. फियाट वाळवायला आठवडा लागला. डिक्कीतून एक मासोळी निघाली. ती पार्बताबाईंनी रश्श्यात घातली.

सिहोऱ्याच्या लग्नाला दोन्ही गाड्या गेल्या. अर्थात मी आधी पोचलो. फार आधी. मांडवात मला कुणी ओळखत नव्हतं आणि माझ्यासोबत काहीही नव्हतं, म्हणून मला आचाऱ्याचा माणूस समजून कांदे चिरायला बसवलं. मग केव्हातरी काळी अँबॅसेडर आली. आत माणसं, अहेराची भांडी, तांदळाचं पोतं आणि मधोमध पाय लांब केलेल्या पार्बताबाई. धाकटी बहीण मांडवातून पळत आली. बाईंनी आधी एक पाय जमिनीला टेकला, मग दुसरा, आणि कुणाचाही हात न धरता उभ्या राहिल्या. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या की हसल्या ते मला कांद्यांमुळे नीट दिसलं नाही. दसारामजी पलीकडच्या बाजूला वाकून एक टायर दाबून पाहत होते. तो टायर ते फार वेळ दाबत होते.

पुढची कित्येक वर्षं या दोन गाड्यांची तुलना साऱ्या गावानं माझ्या खर्चानं केली. फियाट चपळ, वळायला हलकी, तेल कमी पिणारी. मी एकटा, वेगात, कुठंही काही न घेता जात असे. अँबॅसेडर रेंगाळत, गुरगुरत, चढावर उसासे टाकत जायची, पण तिच्यात धानाची पोती जायची, वऱ्हाडं जायची, आणि बाळंतिणी दवाखान्यात जाऊन बाळासह परत यायच्या. दसारामजी स्वतः चालवायला कधीच शिकले नाहीत. ते सुखदेवच्या शेजारी बसून, हात बाहेर काढून दारावर थाप मारायचे. घाट चढून झाला की उतरून बॉनेटवर हात फिरवायचे आणि इंजिनाशी पुटपुटायचे. पोळ्याला तिच्या दिव्यांवर झूल पांघरायचे. फियाट घेतली असती तर, असं मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही. एखाद्या वेळी माझी गाडी शेजारून सुर्रकन पुढं गेली की फक्त मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहायचे.

पुढे माझी बदली मोहाडीकडे झाली. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका दुपारी आंधळगावच्या अलीकडे माझी फियाट रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी होती आणि मी आत डोकं घालून, सगळं समजत असल्याचा चेहरा करून उभा होतो. मागून ओळखीची गुरगुर आली. काळी अँबॅसेडर, रंग उडालेला. पुढं सुखदेव, शेजारी मिशा पांढऱ्या झालेले दसारामजी. मागं पार्बताबाई, पाय लांब. सिहोऱ्याला निघाले होते. बहिणीच्या नातवाचं बारसं.

दसारामजी उतरले. फियाटला एक फेरी मारली. पोच्यावरून बोट फिरवलं. "अजून थरथरते का?"

"थरथरते," मी म्हणालो. "फक्त जात नाही."

ते मनमुराद हसले. डिक्कीतून त्यांनी कासरा काढला, खराखुरा, बैलाचा, आणि माझी गाडी आपल्या गाडीला बांधली. गाठ स्वतः मारली, दोनदा ओढून पाहिली. मला स्टिअरिंगवर बसवलं, माझ्या दारावर थाप मारली आणि म्हणाले, "हान, मास्तर!" मग पुढे जाऊन बसले. आंधळगावच्या मिस्त्रीपर्यंत मला त्यांचा पांढऱ्या बाहीचा हात खिडकीबाहेर दिसत होता, खड्डा आला की दारावर हलकेच पडणारा. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच, शेवटचं. पुढच्या वर्षी ते गेल्याचा निरोप आला तेव्हा पट नुकताच झाला होता.

पार्बताबाई मात्र त्या सबंध रस्ताभर मागच्या काचेतून माझ्याकडेच पाहत बसल्या होत्या. मिस्त्रीच्या दारात गाड्या थांबल्या, सुखदेवनं कासरा सोडला. मी आभार मानायला खिडकीशी गेलो. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या,

"मास्तर, इतक्या वर्सात आज पयल्यांदा तुमी गाडी सरळ चालवली."